तारपेडोची हजेरी

फिंतासच्या समुद्राला वास नाही, ही माझी कुवेतमधली पहिली तक्रार, आणि अठ्ठावीस वर्षांत ती कुणी मनावर घेतलेली नाही. आमचे हे म्हणतात, वास आहे, तुझं नाक खाडीचं आहे. असेल. पण समुद्राजवळ गेलं की आधी नाकाला कळलं पाहिजे आणि मग डोळ्यांना, असं मला वाटतं. इथे आधी दिसते खजुरीच्या झाडांची रांग, मग चालायची फरसबंद वाट, तिच्यावरून पांढरे बूट घालून झपाझप जाणाऱ्या बायका, आणि त्यांच्याही पलीकडे सपाट, गरम पाणी. गेला महिनाभर मी दिवसातून दोनदा त्या पाण्यापाशी जाते आणि काहीही न करता परत येते. घरात बसवत नाही. शिवायला घेतलेले तीन ब्लाउज मशीनवर पडलेत. एकाच्या बाह्या मी उलट्या जोडल्या, उसवल्या आणि पुन्हा उलट्याच जोडल्या. खोलीच्या मधोमध दोन बॅगा अर्ध्या भरून आ वासून बसल्यात. यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतोय, ऑक्टोबरात कायमचं घरी जायचं, त्याचीच ही तगमग असं बिल्डिंगमधल्या बायका समजतात. मी समजू देते.

खरं कारण सांगायला गेलं तर हसतील. आमच्या खाडीत रुतलेली तारपेडो बोट आता तोडणार आहेत.

फोटो शिल्पाने गावाच्या ग्रुपवर टाकला. शिल्पा म्हणजे गावातल्या दाजीकाकांची सून. खाडीवर नवीन धक्का व्हायचाय, त्याच्या आड येते म्हणून तारपेडो कापून न्यायची असं ठरलं. फोटोत तिच्या शेजारी चिखलात एक पिवळं मशीन उभं आहे, आणि त्या मशीनपुढे ती इतकी लहान दिसते की मी फोटो मोठा करून पाहिला, दुसरीच कुठली बोट नाही ना. नव्हती. पुढचा निमुळता भाग, त्याच्यावरचं ते वाटोळं भोक, डाव्या कुशीला लागलेला कांदळाच्या झाडांचा झुबका, सगळं तेच.

लहानपणी आम्हाला ती बोट वाटतच नसे. खाडीला जशी वळणं होती, खडक होते, तशी तारपेडो होती. ओहोटीला तिची कूस उघडी पडायची. पत्र्यावर कालवं इतकी दाट बसलेली की हात टेकायला जागा नसे. खालच्या चिखलात निवट्या, त्या चिखलातल्या बोटभर मासळ्या, टुणटुण उड्या मारायच्या. गंज, शेवाळ, चिखल, आणि दुपारी लोखंड तापलं की त्यातून येणारा जरासा रक्तासारखा वास, हे सगळं मिळून जे व्हायचं त्याला मी अजून समुद्राचा वास म्हणते. भरती चढायला लागली की पाणी तिच्या भोकांतून आत शिरायचं आणि ती हूं करून घुमायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई त्याच्याकडे बघत नसे. तारपेडो घुमली की बाबा ताटावरून उठायचे. ते तरीवर होते, खाडीच्या या काठावरून त्या काठाला माणसं न्यायचे, आणि होडी तरंगायच्या आत त्यांना धक्क्यावर पोचावं लागे. कितीदा ते शेवटचा घास तोंडात घोळवतच पायऱ्या उतरलेले मी पाहिलेत.

तिचे अवयव गावभर होते. ती रुतल्यावर ज्याला जे काढता आलं ते त्याने नेलं. पितळ तर बाबांच्या जन्माआधीच गेलं होतं, पण लोखंड उरलं. विहिरीवरचं जाडजूड झाकण तिचं होतं. बॉयलरच्या नळ्या दोन-तीन घरांच्या पडवीला गज म्हणून लागल्या होत्या. राख काढायची बादली आमच्याकडे होती, आई तिने अबोलीला पाणी घालायची. आणि ज्या नळीतून टॉरपेडो सोडत, ती नळी शाळेच्या रस्त्याखाली मोरी म्हणून घातलेली. पावसाळ्यात तिच्यातून धो धो पाणी जायचं आणि एरवी आम्ही एका टोकाला तोंड घालून दुसऱ्या टोकाच्या मुलीचं नाव घ्यायचो. साम्राज्याच्या बंदराची राखण करायला केलेली वस्तू होती ती. तिने आमच्या शाळेचा रस्ता राखला.

तिची नोकरी कशी झाली ते बाबा असं सांगत की जणू स्वतःच्याच पेन्शनचे कागद वाचून दाखवताहेत. राणीच्या राज्यात ती विलायतेत बांधली. लांब, बारीक, पाण्याला चिकटून चालणारी. मुंबई बंदराच्या तोंडाशी तिची नेमणूक झाली, कारण रशियाची जहाजं येणार असं सरकारला वाटत होतं. ती आली नाहीत. तारपेडो रोज भट्टी पेटवून, वाफ धरून तयार राहायची, संध्याकाळी वाफ सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सरावाला टॉरपेडो सोडत, पण तो फुटायचा नाही. पाण्यात दूर जाऊन तरंगत राहायचा, आणि खलाशांनी छोटी होडी वल्हवत जाऊन तो पकडून, बांधून परत आणायचा, कारण तो महाग. सोडायचा आणि आणायचा, सोडायचा आणि आणायचा. मला लहानपणी हे ऐकून हसू यायचं. पुढे तिचं वय झालं, नव्या बोटी आल्या, तेव्हा तिला टपाल पोचवायला आणि साहेबांना जहाजावर सोडायला ठेवली. मग लिलावात गेली. घेणाऱ्याने इंजिन काढून घेतलं आणि रिकामं धूड लाकूड वाहायला म्हणून आमच्या खाडीत आणलं. एका पावसाळ्यात ती चिखलात बसली ती बसलीच. एक लढाई नाही, एक शत्रू नाही. बाबा हे सांगताना मान ताठ करत, आणि मला कळत नसे की यात ताठ होण्यासारखं काय आहे.

गंमत अशी की तिला चालवणारी माणसंही याच खाडीची. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. तो भरती करताना आपल्याच गावची आणि समोरच्या काठाची माणसं घेऊन गेला होता. लिलाव झाल्यावर तिला ओढून आणायलाही घेणाऱ्याने त्यांनाच बोलावलं. म्हणजे ज्यांनी चालवली त्यांच्याच दारात ती येऊन रुतली. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला लोक नारळ घेऊन खाडीवर गेले, तेव्हा सारंग गुडघाभर पाण्यात तिच्याजवळ उभा राहिला आणि सवयीने त्याने हजेरी घेतली. पंधरा नावं. पंधराही जणांनी, आपापल्या जागी पाण्यात उभं राहून, हजर म्हटलं. गोऱ्या साहेबांची नावं त्याने घेतली नाहीत, ती कुणाला आठवतही नव्हती. तेव्हापासून ती हजेरी दर वर्षी होत आली. माणसं गेली तशी त्यांची मुलं हजर म्हणू लागली, मग नातवंडं. सारंगाचा नातू म्हणजे हे दाजीकाका, आता नव्वदीला टेकलेले. यादी त्यांना तोंडपाठ आहे, कुठे लिहिलेली नाही.

या हजेरीचे दंडक आहेत. उत्तर देणाऱ्याचे पाय खाऱ्या पाण्यात हवेत. नाव तीनदा पुकारतात. लागोपाठ तीन वर्षं कुणी हजर म्हटलं नाही तर ते नाव पाण्यात सोडतात, म्हणजे पुन्हा घ्यायचं नाही. आणि एरवी वर्षभर ही यादी कुणी ओठांवर आणायची नाही. बायका बांधावर उभ्या राहायच्या, नारळाची ताटं धरून. वारा, ढोल, पाण्याचा आवाज, यातून आम्हाला नावं ऐकू येत नसत. फक्त मधून मधून हजर, हजर असं काहीतरी यायचं, आणि कुणाचं कुठलं ते कळायचं नाही.

मला यादी बाबांनी शिकवली. चोरून. होडी उलटी करून ते फटींत कापूस ठोकायचे आणि मी कापसाच्या वाती वळून त्यांच्या हातात द्यायची. मला भाऊ नव्हता. ठोकण्याच्या तालावर ते एकेक नाव हळू आवाजात सांगायचे. सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, आणि चौथ्या जागी, जरा थांबून, पहिला आगवाला, भिकू राघो. माझे पणजोबा. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा सारणारा, आणि पहिला म्हणजे सगळ्या आगवाल्यांचा म्होरक्या. बाबा म्हणायचे, भिकूबा नुसत्या आवाजावरून सांगायचे वाफ किती चढली ते, साहेब काट्याकडे बघायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा. मग कापूस पुढे करायला मी विसरायची आणि ते टपली मारायचे. कुणापाशी बोलू नकोस हां, असं दर वेळी सांगायचे. मी बोलले नाही. शाळेत बाकीच्या मुली आपल्या घरच्या गाई-म्हशींच्या बढाया मारायच्या तेव्हा मी मनातल्या मनात पहिला आगवाला म्हणायची आणि गप्प बसायची.

लग्न होऊन मी इथे आले तेव्हा हे अहमदीत, तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर फिटरचे हेल्पर होते. आधी पाच वर्षं आठ बॅचलरांच्या खोलीत काढलेली. मग फिंतासला ही दोन खोल्यांची जागा मिळाली. मी घरी पहिलं पत्र लिहायला बसले आणि लिहिलं, हे सुपरवायझर आहेत. कुणी सांगितलं नव्हतं असं लिहायला, पण इथल्या प्रत्येकाचं पत्र एक पायरी वर चढूनच पोस्टात पडायचं. हेल्परचा फोरमन व्हायचा, ड्रायव्हरचा ट्रान्सपोर्टवाला व्हायचा, आणि गावाकडची माणसं ते तरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर एकमेकांना सांगायची. बाबांनी तर आमच्या सुपरवायझरला दोन्ही काठांवर पोचवलं. पहिल्या सुट्टीत आम्ही गेलो तेव्हा जेवणानंतर बाबांनी यांचा हात हातात घेतला. नखांत काळं बसलेलं, अंगठ्याला कापल्याची लांब खूण. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग उठून आत गेले, खोबरेल तेलाची वाटी आणून यांच्यासमोर ठेवली आणि तरीवर निघून गेले. त्या दिवशीही होडीत कुणीतरी विचारलं, जावई काय करतात हो. सुपरवायझर, बाबा म्हणाले. मला हे शेजारच्या काकीने सांगितलं. बाबांनी मला त्या हाताबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही पत्रं बदलली नाहीत.

बाबा गेले त्याला आता तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मला जाता आलं नाही, भिकू राघोचं नाव रिकामं गेलं. दुसऱ्या वर्षी मी दाजीकाकांना फोन करून विचारलं, मुलीने हजर म्हटलं तर चालेल का. ते बघू म्हणाले. कोकणातला माणूस बघू म्हणाला की त्याचा अर्थ काय घ्यायचा हे कोकणातल्या माणसालाही कळत नाही. ते वर्षही रिकामं गेलं. म्हणजे आता हे तिसरं. आता बोट जाणार म्हटल्यावर पुढच्या वर्षी हजेरी होईल की नाही तेही नक्की नाही, आणि झाली तरी आमचं नाव तिच्यात नसेल. तीन पिढ्या जे पाण्यात उभं राहून म्हटलं गेलं ते माझ्यापाशी येऊन संपणार. दुसरं कुणी नाहीच म्हणायला. मला तर झोपेतही कुणीतरी नाव पुकारल्याचे भास व्हायला लागले.

मग शिल्पाचा निरोप आला. गावात राहिलेत चार म्हातारे, बाकी सगळे मुंबई, दुबई, दोहा. तेव्हा या शेवटच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचा, जो जिथे आहे तिथून हजर म्हणेल, काकांनी हो म्हटलंय. पाय मात्र खाऱ्या पाण्यातच हवेत, तिथे सूट नाही. मी लगेच लिहिलं, मी आहे, भिकू राघोसाठी. शिल्पाने फोनवरचा होकाराचा अंगठा पाठवला. पण शिल्पा सगळ्यालाच अंगठा पाठवते. काका नाव घेतील का, घेऊन माझ्या आवाजाला मानतील का, हे तिला विचारायची हिंमत मला झाली नाही.

खालच्या मजल्यावरच्या हमीदाला तेवढं मी सगळं सांगितलं. ती आमच्या समोरच्या काठाची. तारपेडोचा सुकाणी तिच्या घरचा, त्याचं हजर तिचा भाऊ गावातूनच म्हणतो. इथे तिच्या नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मुलं तिच्याशी इंग्रजीत बोलतात, ती त्यांना कोकणीत शिव्या घालते. आम्ही तालमी केल्या. दंडक मोडून मी तिला यादी शिकवली, मग ती माझ्या स्वयंपाकघरात कांदे चिरता चिरता दाजीकाका व्हायची. सारंग. तांडेल. सुकाणी. पहिला आगवाला, आणि मी गॅसपाशी उभी राहून हजर म्हणायची. पुटपुटू नको गो, ती म्हणायची, कुवेतवरून ऐकू जायला हवं. अहमदीच्या बसमध्ये मी मनात हजर म्हणायची, बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, अंडी घेताना म्हणायची. एकदा बकालेवाल्या मल्याळ्याने हिशेब सांगितला तेव्हा मोठ्याने निघालं, तो बघतच राहिला. हे म्हणाले, बॅगा भरल्या असत्यास तर आतापर्यंत चार भरल्या असत्या.

नारळी पौर्णिमेला गावात बाराच्या सुमाराची भरती, म्हणजे इथले साडेनऊ. ऑगस्टातले साडेनऊ म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. हवा इतकी दमट की साडी अंगाला चिकटलेली, चप्पल काढली तर वाळूने तळवे भाजले. हमीदा छत्री आणि फोन धरून काठाला उभी राहिली, मी साडी खोचून पाण्यात गेले. पाणी आंघोळीच्या बादलीएवढं ऊन. किनाऱ्यावर आमच्याशिवाय एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई होती, तिची दोन लहान मुलं प्लास्टिकच्या डब्यांनी वाळूचं काहीतरी बांधत होती. पिंडऱ्यांपर्यंत पाणी आलं तेव्हा मी थांबले.

फोनमध्ये चौकोनच चौकोन होते. दोह्याचा एकजण पँट वर करून लाटांत उभा, मुंबईचे दोघे खडकांतल्या पाण्यात. इथल्याच वाळवंटात, वफ्राला शेतावर कामाला असलेला आमच्या गावचा सुरेश तिथे हरितगृहाच्या दारात बादलीत पाय घालून उभा होता, समुद्र त्याला कुठून मिळणार. काकांना ती बादली दिसली. मीठ किती घातलंस, त्यांनी विचारलं. दोन मुठी, सुरेश म्हणाला. चव घे, काका म्हणाले. सुरेशने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. काका म्हणाले चालंल. मला त्या क्षणी सुरेशचा हेवा वाटला, त्याच्या बादलीलासुद्धा कुणी बघू म्हटलं नव्हतं. सगळ्यात मोठ्या चौकोनात काका स्वतः होते, गुडघाभर पाण्यात, डोक्याला टॉवेल, मागे पाण्यावर उरलेली तारपेडोची काळी कड. फोन शिल्पाने धरलेला होता, म्हणजे तीही पाण्यातच होती. धरायला बाई चालते, मी मनात म्हटलं, आणि मला जरा धीर आला.

काकांनी सुरुवात केली. आवाज थकलेला पण सरळ. सारंगाचं नाव त्यांनी पुकारलं आणि हजरही स्वतःच म्हटलं. मग तांडेल, दोह्याच्या माणसाने उत्तर दिलं. मग सुकाणी, हमीदाचा भाऊ कुठूनतरी बाजूने बोलला आणि हमीदाने डोळे पुसले. आता चौथं.

काकांनी पुकारलं, दुसरा आगवाला. मुंबईतून कुणीतरी हजर म्हटलं. तिसरा आगवाला, पुकारलं.

त्यांनी गाळलं होतं. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ ओलांडून गेले. हजेरीच्या मधे बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, पण तोंड माझं कुठे माझ्या ताब्यात होतं.

"काका, पहिला आगवाला राहिला."

चौकोनांतली सगळी तोंडं वळली. काकांनी टॉवेल मागे सारून फोनकडे पाहिलं. पहिल्या आगवाल्याचं नाव कधीच पाण्यात सोडलं, बाय, ते म्हणाले. तीन वर्षं कुठे झाली होती अजून? मी विचारलं, भिकू राघोचं? त्यावर ते थोडे वैतागले. भिकू राघो यायचाय, तू गप ऱ्हा. आणि ते पुढे गेले.

पुढची नावं मी ऐकली नाहीत म्हटलं तरी चालेल. खलाशी गेले, तेलवाला गेला, भंडारी म्हणजे स्वयंपाकी गेला. सुरेशने बादलीतून हजर म्हटलं. मधे दोन नावांना तीनदा पुकारूनही कुणी बोललं नाही. मग काका थांबले, दम घेतला, आणि म्हणाले, कोळसेवाला, भिकू राघो.

कोळसेवाला म्हणजे बोटीतला सगळ्यात शेवटचा माणूस. भट्टीच्या दोन्ही अंगांना, पत्र्याआडच्या अंधाऱ्या कोठारात ओणवं होऊन शिरायचं आणि टोपल्यांनी कोळसा ओढून आगवाल्याच्या पायापाशी आणून टाकायचा. त्याला समुद्र दिसत नाही. वाफेचा आवाज वगैरे त्याला कुणी विचारत नाही. आगवालाही त्याला ओरडतो. हे सगळं मला बाबांनीच सांगितलेलं, होडीपाशी बसून, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं.

काकांनी दुसऱ्यांदा पुकारलं. हमीदाने छत्री हलवली, अगो बोल. मला बोलवेना. सगळ्यांसमोर मी पहिला आगवाला मागितला होता. म्हणजे बाबा दर वर्षी या पाण्यात सगळ्या गावासमोर कोळसेवाल्याचं हजर म्हणायचे, आणि मग बांधावर चढून माझ्याकडे यायचे, आणि होडी उलटी करून मला खोटं सांगायचे. इतकी वर्षं. मला त्यांचा राग आला, खरंच आला. मेलेल्या माणसाचा राग कुणावर काढायचा तेही कळेना. आणि त्याच वेळी यांचा अंगठा आठवला, ती खोबरेलाची वाटी आठवली.

काकांना वाटलं असावं, मी मघाच्या बोलण्याने ओशाळले आहे. ते तिसऱ्यांदा पुकारायचे थांबले. जवळ ये, असं शिल्पाला खुणावलं. मग फोनमध्ये तोंड घालून, हजेरीचा आवाज सोडून, घरातल्या आवाजात बोलले.

"पहिल्या आगवाल्याच्या घरात कोन उरला नव्हता. तू तवा पाळण्यात. मी तुझ्या बापसाला बोललो होतो, त्याचं हजर तू म्हण, मोठं नाव हाय, बुडायला नको. चांगला मान होता. नको बोलला."

"का?"

"बोलला, मग आमचा म्हातारा तिथं कोळशात एकटा पडंल."

काकांनी टॉवेल सारखा केला, पाठ सरळ केली, आणि तिसऱ्यांदा पुकारलं. कोळसेवाला, भिकू राघो.

"हजर."

इतक्या मोठ्याने मी जन्मात कधी बोलले नव्हते. मिसरी बाईने दचकून दोन्ही मुलांना जवळ ओढलं.